माझ्याकडून तुझ्याकडे

महाल, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

रुचिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याअर्थी वाचशील असं धरून लिहितो. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, हे अंकुररावांनी मला संकोचत सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं होतं.

भांडायला लिहीत नाही. तुझी आई कोरोनात गेली, तिचं तोंडही आपल्याला बघू दिलं नाही, आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच बापाने भारतीशी लग्न केलं, हे तुला सहन झालं नाही. ते मला समजतं. पण लग्न केलं ते चुकलं, असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. ते स्थळ तुझ्या आत्यानेच आणलं होतं, हेही तुला ठाऊक आहे. तरी आत्याशी तू दर रविवारी बोलतेस आणि माझ्याशी नाही. असो.

लिहायचं कारण आत्याच आहे. मध्ये तिची तब्येत जरा नरम होती. पोट फुगायचं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. गॅस आहे म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या उन्हाळाभर घेतल्या. आता दुसरीकडे दाखवलं आहे आणि इलाज सुरू झाला आहे. काळजीचं कारण नाही. बोलताना तिला दम लागतो, म्हणून रविवारचा फोन ती लवकर ठेवते. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि तोंड दाखव, व्हिडिओवर ये, असा हट्टही करू नकोस. तिच्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे.

जमलं तर दिवाळीच्या आधी हैदराबादहून एक चक्कर मार. माझ्या घरी उतरायचं नसेल तर सीताबर्डीला तुझी मैत्रीण आहेच. आपली अपेक्षा आता पहिलीत गेली असेल. तिला आण.

मी पत्र लिहिलं हे मात्र आत्याजवळ बोलू नकोस. तिने मला शपथ घातली आहे.

बाकावर बसून लिहितो आहे. वरचा पंखा कागद उडवतो, म्हणून अक्षर असं आलं.

बाबा


८ सप्टेंबर २०२४

रुचिका,

तुझं उत्तर नाही. एका अर्थी बरंच झालं, कारण मागचं पत्र अर्धंच खरं होतं.

तो बाक दवाखान्यातला होता. आत पडद्याआड आत्याला सलाईन लावलं होतं. कॅमेरा बिघडलेला नाही. आत्याचे केस गेले आहेत.

चाळीस वर्षं मी सीताबर्डीच्या दुकानात बायकांना साड्या दाखवल्या. लग्नघरच्या बायका, रुसलेल्या बायका, भाव करून न घेता जाणाऱ्या बायका. कोणाशी काय बोलावं याची मला कधी अडचण पडली नाही. पण स्वतःच्या मुलीला हा एक शब्द लिहिताना कालपासून पेन अडलं आहे. अंडाशय. आत्याला अंडाशयाचा कॅन्सर आहे. लिहिला बघ.

जुलैत तिचं पोट इतकं वाढलं की साडीच्या निऱ्या पुरेनात. सोनोग्राफी केली तर पोटात पाणी. ते पाणी नळीने काढताना मी शेजारी होतो. मला माझी आई आठवली. तुझी आजी पन्नाशीही न गाठता अशीच पोट फुगून गेली होती. तेव्हा सगळे जलोदर म्हणायचे. माझी उमरेडची मावशीही तशीच गेली. आमच्याकडे बोलायचेच, या घरच्या बायकांना पोट खातं. कोणी करणी म्हणे, कोणी काही.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत. आधी तीन किमो, मग ऑपरेशन, मग परत तीन किमो. तिसरा टप्पा आहे म्हणाल्या. मी विचारलं, बरी होईल ना? म्हणाल्या, तिसऱ्या टप्प्याला मी बरं होईल हा शब्द वापरत नाही, आटोक्यात येईल असं म्हणते. पुष्कळ जणींचा दोन-तीन वर्षांत परत येतो. काही जणींचा येत नाही. तुमची बहीण कोणत्यांतली, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

मी घरी येताना मेट्रोत उभाच राहिलो. बसायला जागा होती, हे उतरताना लक्षात आलं.

आत्या तुला का सांगत नाही, तर ती म्हणते, पोरीने आत्ताच कुठे आईचं दुःख मागे टाकलं. तुला सांगितलं तर सुई लावून घेणार नाही, अशी धमकी तिने मला दिली आहे. तरी मी लिहितो आहे. आईच्या वेळी तुला येता आलं नाही. या वेळी येता येईल, मग मी कोणत्या तोंडाने गप्प बसू?

तिचं सगळं कोण करतं, हे तुला ऐकायचं नसेल. तरी लिहितो, नाहीतर पत्र परत अर्धंच खरं होईल. किमोनंतर चार-पाच दिवस आत्याला सगळ्याची चव लोखंडासारखी लागते. भारती तिला थंड ताक चमच्याने पाजते. तोंडात फोड येतात, तर मऊ भात कुस्करून देते. केस गळायला लागले तेव्हा आत्याने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मग एका दुपारी भारतीने दार लावून घेतलं आणि तिचं डोकं साफ करून दिलं. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता, मी ओट्यावर बसून होतो. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "कशी दिसून राहिली मी, दादा?" मी सरकून तिला ओट्यावर जागा करून दिली. भारतीच म्हणाली, डोक्याचा आकार चांगला आहे, आजवर कोणाला दिसलाच नव्हता.

ये, रुचिका.

बाबा


२७ ऑक्टोबर २०२४

रुचिका,

तू आलीस. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जिन्यातून वर येताना दिसलीस, तेव्हा आत्यापेक्षा मलाच जास्त धीर आला. तू माझ्याशी बोलली नाहीस. मधे दोन खुर्च्या रिकाम्या सोडून बसलीस. चालतं. एका दारावर दोघांचे डोळे होते, तेवढं पुरे होतं.

दुपारी तू डब्यातली भाजी-पोळी खाल्लीस. डबा भारतीने पाठवला होता, हे तुला कळलं असणारच. ती त्या दिवशी मुद्दाम घरी थांबली. म्हणाली, ती येणार तर मी समोर नको.

ऑपरेशन चांगलं झालं असं मॅडम म्हणाल्या. दिसेल तेवढं सगळं काढलं. आत्या आता हळूहळू चालते, पोटावर उशी धरून खोकते. पुढची किमो दिवाळीनंतर. हे तू फोनवर ऐकतेसच. जे ऐकलं नाहीस ते लिहायला बसलो आहे.

तू परत गेलीस त्याच आठवड्यात मॅडमनी मला आणि भारतीला बोलावलं. आत्याचं रक्त त्यांनी आधीच एका वेगळ्या तपासणीला पाठवलं होतं. त्याचा रिपोर्ट आला. आत्याच्या जनुकात दोष निघाला. जन्मापासूनचा. त्याने हा कॅन्सर होतो, स्तनाचाही होऊ शकतो. मॅडम म्हणाल्या, करणी नाही, खाण्यापिण्याचं नाही, आईकडून किंवा वडिलांकडून येतो.

मला वाटलं, म्हणजे आजीकडून आत्याला आला आणि आत्याला मूल नाही, तर इथेच संपला. मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडमनी विचारलं, तुम्हाला मुलं?

मग एका तरुण मुलीकडे पाठवलं. घराण्याचं झाड काढणं हेच तिचं काम. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्यांना आजार झाला त्यांचे गोल काळे भरायचे. आजी काळी, उमरेडची मावशी काळी, आत्या काळी. आत्याच्या शेजारी माझा चौकोन काढला. म्हणाली, काका, पुरुषाला हा आजार होत नाही, पण दोष पुरुषातही बसून राहतो आणि पुढे जातो. तुमच्यात असण्याची शक्यता अर्धी. तुमच्यात असला, तर मुलीत असण्याची परत अर्धी. तुमच्यात नसला, तर मुलीला तुमच्याकडून यायचा प्रश्नच नाही.

तिने माझ्या चौकोनाखाली एक गोल काढला. तू. त्याच्या खाली आणखी एक, अपेक्षाचा. दोन्ही रिकामे. मुलीशी बोलणं आहे ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी मी रक्त दिलं. रिपोर्टला काही आठवडे लागतात. तो येईपर्यंत तुला काही कळवू नये असं मला वाटत होतं, उगाच जिवाला घोर कशाला. भारती म्हणाली, मागे लपवलं तर काय मिळालं? म्हणून लिहिलं.

पण भिऊ नकोस. माझं वय चौसष्ट. मला आजवर साधी मूळव्याध झाली नाही. माझ्यात काही नसणार.

बाबा


२४ नोव्हेंबर २०२४

रुचिका,

आहे. माझ्यातही आहे.

रिपोर्ट घेतला तेव्हा मी एकटाच होतो. त्या मुलीने माझ्या रिकाम्या चौकोनात मधोमध एक टिंब दिलं. आजार नाही, पण दोष आहे, अशाला टिंब देतात. छातीत कधी गाठ लागली तर लगेच दाखवा आणि प्रोस्टेटची तपासणी करत राहा, एवढंच माझ्यासाठी सांगितलं. मला ते नीट ऐकूही आलं नाही. मी खालच्या गोलाकडे बघत होतो.

दवाखान्यातून निघालो तो घरी न येता सीताबर्डीला जुन्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. लग्नाचा हंगाम, आत गर्दी होती. मालकांच्या मुलाने आत बोलावलं, चहा दिला. त्याला वाटलं जुनी आठवण आली म्हणून आलो असेन. खरं म्हणजे घरी आत्या समोर बसली असती आणि तिने तोंडावरून ओळखलं असतं.

तिने ओळखलंच. रात्री जेवली नाही. म्हणाली, मले निघालं ते निघालं, पोरीपर्यंत कशाले गेलं. मी म्हटलं, तुझ्याकडून नाही गेलं, गेलं असेल तर माझ्याकडून. ती म्हणाली, एकाच आईचे आपण, तुझं काय अन् माझं काय. आता घरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो, आणि भारती मधे पाणी आणून देते.

रुचिका, तुझी नाक-डोळ्यांची ठेवण आईची आहे. रंग तिचा. मला नेहमी वाटायचं, माझ्याकडून हिच्यात काही गेलंच नाही. आता रोज देवाजवळ तेच मागतो.

हे ऐक, मी मॅडमना विचारून नीट उतरवून आणलं आहे. साधी रक्ताची तपासणी आहे. आत्याचा रिपोर्ट सोबत द्यायचा, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते त्यांना कळतं. त्याची प्रत पाकिटात आहे. दोष नसेल तर विषयच मिटला, तुझाही आणि अपेक्षाचाही. असेल तर आजार झालाच असं नाही. स्तनांची दरवर्षी तपासणी करतात, एमआरआय करतात. आणि अंडाशयाचं असं आहे की ते आधी कळायची चांगली तपासणीच नाही, म्हणून मूलबाळ झालेल्या बाईला पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढून टाकायला सांगतात. तू छत्तीस पूर्ण केलीस.

हे मी तुला लिहावं, अशी वेळ कोणत्याही बापावर येऊ नये. तुझी आई असती तर तिने लिहिलं असतं. नाही, तिने लिहिलंही नसतं, गाडीत बसून सरळ तुझ्या दारात आली असती.

लवकर कर.

बाबा


५ जानेवारी २०२५

रुचिका,

तू आत्याशी बोलतेस, अपेक्षाच्या शाळेच्या गमती सांगतेस, तिकडे थंडी नाही म्हणतेस. तपासणीचं विचारलं की दारावर कोणी आलं म्हणून फोन ठेवतेस. अंकुररावांना मी फोन केला. ते म्हणाले, बाबा, तपासणीसाठी नंबर दोनदा लावला होता, दोन्ही वेळा तिने रद्द केला. माझं पत्र तू कपाटात ठेवलं आहेस आणि ते कपाट उघडत नाहीस, असंही म्हणाले.

मला राग नाही. मीही रिपोर्ट आणायला निघालो तेव्हा दोन स्टेशनं आधीच उतरून पायी गेलो होतो, तेवढाच वेळ जावा म्हणून. पण रोज सकाळी उठलो की पहिला विचार तोच. आज गेली असेल का. पेपर वाचतो तर एकच ओळ परत परत वाचतो. परवा भारतीने चहात मीठ पडल्याचं सांगितलं, तोवर माझा अर्धा कप पिऊन झाला होता.

आत्याची शेवटची किमो डिसेंबरात झाली. डोक्यावर लव आली आहे. काल तिने मला कागद-पेन घेऊन बसवलं. म्हणाली, मी सांगते तसं लिही, सुधारू नको. तर पुढचं तिचं आहे.

रुचे, ऐक वं. दादा लिहून राहिला, मी सांगून राहिली. तू फोनवर मले हसवतं अन् विषय बदलवतं, ते मले समजत नाही असं तुले वाटते काय? तुले भेव वाटते. वाटू दे. मलेही वाटते. मॅडमनं सांगतलं, पुन्हा येऊ शकते म्हणून. कधी येईन ते मालूम नाही. सकाळी पोट जरा जड वाटलं की मी हातानं चाचपून पाहतो अन् मंग स्वयंपाकाले लागतो. भेव घेऊनच सारं करा लागते.

पण तुझं अन् माझं एक नाही, बाई. मले समजलं तवा पोटभर पसरलं होतं. माह्या मायले तर मरेपर्यंत समजलंच नाही. तिले अंगारे लावले, पोट बांधलं. मले कोणी पाच वर्षं आधी सांगतलं असतं, तर मी चपला न घालता दवाखान्यात गेली असती. तुले आधी समजून राहिलं. या घरातली तू पहिली बाई आहेस जिले आधी समजून राहिलं. काहून वाया घालवतं?

माह्यासाठी जाऊ नको. दादासाठीही नको, त्याचा राग तुले आहे तो तुह्यापाशी ठेव. अपेक्षा उद्या मोठी होईन अन् विचारन, तुले माहीत होतं तर तू काय केलं? तिले काय सांगशीन, ते मनाले विचार अन् मंग जा.

एवढं सांगून ती थांबली. वाचून दाखव म्हणाली. मी वाचलं. रागाची ओळ खोडू का, असं मी विचारलं. नको म्हणाली.

बाबा


१६ मार्च २०२५

रुचिका,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. भारतीच्या हाती देतो आहे. ती आत्ता आत पिशवी भरते आहे, तिला दिसू नये म्हणून पुढच्या खोलीत बसून लिहितो.

तुझा फोन आला त्या दिवसाचं सांगतो, म्हणजे इकडे काय झालं ते तुला कळेल. आत्या आणि मी लसूण सोलत बसलो होतो. भारतीचा फोन वाजला. नंबर बघून ती जराशी गडबडली आणि मागच्या अंगणात गेली. बराच वेळ झाला तरी आली नाही. मी उठायला लागलो तर आत्याने हात धरला. म्हणाली, रुचिका आहे, नंबर मीच दिला, तू बस.

मी बसलो. मागून फक्त भारतीचं "हो… हो बेटा… नाही, तसं नाही होत" एवढंच ऐकू येत होतं. लसूण केव्हाच संपला होता, मी सालं चिवडत होतो.

ती आत आली आणि उभीच राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आहे म्हणते, तिच्यातही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मी कोसळेन. तसं झालं नाही. मी विचारलं, आणि बाकी? ती म्हणाली, बाकी सगळं स्वच्छ आहे. सोनोग्राफी, एमआरआय, रक्त, काही नाही कुठे. तेव्हा मी हातातली सालं खाली टाकली, आणि आत्या मोठ्याने रडली. आजारपणात ती एकदाही अशी रडली नव्हती.

मग हळूहळू भारतीने बाकीचं सांगितलं. तू ऑपरेशनचं ठरवलं आहेस. अंडाशय आणि नळ्या काढणार. काढलेलं तपासायला जाईल, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत परत एक धाकधूक आहेच. आणि तुला आजारापेक्षा ऑपरेशननंतरचीच भीती जास्त वाटते. या वयात पाळी एकदम बंद झाली की बाईचं काय होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण ज्या बाईने भोगलं आहे तिच्याकडून तुला ऐकायचं होतं. आत्याने तुला सांगितलं की भारतीला विचार.

भारतीने ते भोगलं आहे, हे मला लग्नाच्या वेळीच ठाऊक होतं, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. पहिल्या सासरी, कन्हानला असताना अंगावरून जातं म्हणून तिची गर्भाची पिशवी आणि अंडाशयं दोन्ही काढून टाकली होती. ती तेव्हा तुझ्यापेक्षाही लहान. का काढतो, पुढे काय होईल, हे तिला कोणी सांगितलंच नाही. अंगाचा जाळ व्हायचा, झोप उडाली, कारण नसताना रडू यायचं, आणि सासरी सगळे म्हणायचे नाटक करते. हाडं दुखायला लागली तेव्हा कुठे एका डॉक्टरने विचारलं, ऑपरेशन कधी झालं? हे सगळं तिने तुला अंगणात उभं राहून सांगितलं. तुझ्या डॉक्टरांना काय काय विचारायचं तेही सांगितलं. हार्मोनच्या गोळ्या तुला चालतील का, हाडांसाठी काय घ्यायचं. मला म्हणाली, मला सांगणारं कोणी नव्हतं जी, तिला तरी सांगता आलं.

मी विचारलं, तिने तुला काय म्हणून हाक मारली?

"हाक नाही मारली," ती म्हणाली. "ऐका ना, म्हणाली."

मग सांगितलं की तू म्हणालीस, अंकुर सुटी घेणार आहे पण घरात बाईमाणूस नाही. भारतीनेच विचारलं, मी येऊ का? तू म्हणालीस, तिकीट पाठवते.

तेव्हापासून तिची तयारी चालली आहे. शेवयांसारखे वाळवलेले सरगुंडे, तिखट, अपेक्षासाठी तीळ-गुळाच्या वड्या. हैदराबादेत सगळं मिळतं असं मी म्हटलं तर रागावली. इकडची काळजी करू नकोस. आत्याचं स्कॅन फेब्रुवारीत स्वच्छ आलं. आता रोजच्या गोळ्या आहेत आणि तीन महिन्यांनी रक्त. रक्ताचा आकडा यायचा असतो त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. हे आता असंच राहणार, मॅडमनी सांगितलं आहे. भारती नसताना स्वयंपाक मी करणार. आत्या म्हणते, किमो झेलली, हेही झेलीन.

तू मला फोन केला नाहीस. माझ्यासाठी काही निरोपही दिला नाहीस, मी भारतीला विचारलं. हरकत नाही. माझ्याकडून तुला जे गेलं ते परत घेता येत नाही. आता ज्या बाईला पाठवतो आहे तिला मात्र नीट ओळखून घे, एवढं म्हणतो.

ती गाडीत झोपणार नाही. सकाळी पोचेल तेव्हा डोळे लाल दिसतील, रडली असं समजू नकोस. नव्या घरात तिला संडासचा दिवा कुठे आहे हे विचारायचीसुद्धा लाज वाटते, आपणहून दाखव. अपेक्षाने तिला काय म्हणायचं ते अपेक्षालाच ठरवू दे. आणि जेवताना ती दुसरी पोळी कधी मागत नाही, उपाशी उठते. ऑपरेशनचा दिवस येईपर्यंत तू तिला वाढ. नंतर ती तुला वाढेल.

बाबा